बारा लीटरचा टँकर

राजाजीनगरच्या 'समन्वय' अपार्टमेंटची बोअरवेल मार्चमध्ये आटली, तेव्हा व्यवस्थापन समितीने सर्वप्रथम पाणी मागवण्याची पद्धत सुधारायचं ठरवलं. तोवर कोणीही टँकरवाल्या देवाप्पाला फोन करी, "अण्णा, एक टँकर" म्हणे आणि तासाभरात टाकी भरे. ही पद्धत पारदर्शक नसल्याचं सचिव पुरुषोत्तमराव यांच्या लक्षात आलं. ते मूळचे पुण्याचे. टाकी भरत होती, पण तिचा अहवाल निघत नव्हता. म्हणून एका परदेशी कंपनीचं ॲप घेण्यात आलं आणि देवाप्पाचा टँकरही त्याला जोडण्यात आला.

शुक्रवारी पुरुषोत्तमरावांनी पहिली मागणी नोंदवली: १२,००० लीटर. ॲप ज्या देशात बनलं, तिथे हजारासाठी टिंब देतात आणि स्वल्पविरामानंतर अपूर्णांक सुरू होतो. टँकर काठोकाठ भरून आला, बारा लीटर पाणी सुटलं आणि वॉल्व्ह आपोआप बंद झाला.

"अण्णा, हे काय?" तिसऱ्या मजल्यावरची सुखदा धावत खाली आली. रविवारी तिच्या मुलीचं बारसं होतं. नागपूरहून पाहुणे निघाले होते आणि घरातले नळ नुसतेच फुसफुसत होते.

"बारा मागितलं, बारा दिलं, अक्का," बेळगावकडचा देवाप्पा म्हणाला.

"पण टँकरमध्ये एवढं पाणी आहे ना!"

"हाय की. ॲप सोडंना. ओटीपी सांगा, मला फुडं जायचंय."

पुरुषोत्तमरावांनी ओटीपी सांगितला. भरलेला टँकर भरलेलाच परत गेला. मोजमाप अचूक असल्याबद्दल त्यांनी ॲपला पाच तारे दिले आणि आकडे भारतीय पद्धतीने वाचावेत, अशी सूचनाही कंपनीला पाठवली.

संध्याकाळी तातडीची सभा भरली. सुखदाचा नवरा शुभंकर याच कामातला तज्ज्ञ होता. कोणत्या देशात कुठे टिंब आणि कुठे स्वल्पविराम, हे सॉफ्टवेअरला शिकवण्याचा त्याला पगार मिळे. त्याने स्लाइड दाखवल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या उल्काताईंची तक्रार वेगळी होती. "मी महिन्याचं पाणी १,२०,००० लीटर असं टाकून बघितलं. ॲप म्हणतं, कृपया एका वेळी एकच संख्या लिहा!" यावर स्वल्पविरामाच्या बाजूने राष्ट्राभिमान आणि टिंबाच्या बाजूने जागतिकीकरण, अशी दोन तास हमरीतुमरी झाली.

"मग चिन्हच देऊ नका," सुखदा म्हणाली. "नुसतं १२००० लिहा."

सगळ्या माना शुभंकरकडे वळल्या.

"सुखदा, प्लीज," शुभंकर हळूच म्हणाला. "ते प्रोफेशनल वाटत नाही."

"मग मी देवाप्पाला फोन करते."

"फोनचं ऑडिट होत नाही," पुरुषोत्तमरावांनी विषय संपवला.

ठराव बहुमताने टिंबाच्या बाजूने झाला. शुभंकरला शाल-श्रीफळ मिळालं.

शनिवारी ठरावाप्रमाणे १२.००० लीटरची मागणी गेली. पण रात्रीतून कंपनीने पुरुषोत्तमरावांची सूचना मान्य केली होती. भारतीय पद्धतीत टिंबानंतर अपूर्णांक असतो. देवाप्पा आला आणि त्याने बारा लीटर सोडले.

"आज एक थेंब इकडचा तिकडं न्हाई," मीटरकडे बघत तो अभिमानाने म्हणाला. "ओटीपी?"

सुखदाने सगळ्यांदेखत त्याला बाजूला घेतलं. दुपारी देवाप्पा दुसरा, ॲपला न जोडलेला जुना टँकर घेऊन फाटकाशी हजर झाला. पुरुषोत्तमराव आडवे उभे राहिले.

"ऑर्डर नंबर?"

"अक्कानी तोंडी सांगितलंय."

"तोंडी पाणी घेता येत नाही."

सुखदाने नवऱ्याकडे पाहिलं. तो लेकीला छातीशी धरून उभा होता. "सर बरोबर बोलतायत गं," तो म्हणाला. "एकदा अपवाद केला की सगळी प्रोसेस मोडते." त्याच क्षणी त्याचा शर्ट ओला झाला. दोन दिवसांत इमारतीत आलेलं विनापरवाना पाणी तेवढंच.

सुखदाने लेकीला त्याच्याकडून घेतलं, वरून बारशाचा पाळणा आणवून टँकरच्या केबिनमध्ये चढवला आणि ती देवाप्पाशेजारी जाऊन बसली. तो टँकर तिच्या बहिणीच्या, आसावरीच्या घरी रिकामा झाला आणि रविवारी बारसंही तिथेच झालं. शुभंकरला बोलावणं होतं. पण त्याने सुधारित ठरावाचा मसुदा हाती घेतला होता. मुलीचं नाव काय ठेवलं, हे त्याला फोटोखाली वाचायला मिळालं.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सचिवांचा संदेश आला: "नव्या प्रणालीतून दोन मागण्या शंभर टक्के पूर्ण. समितीचं अभिनंदन." खाली प्रत्येक कोरड्या फ्लॅटमधून एकेक अंगठा उमटला.

हसलात ना? आता तुमच्या सोसायटीचा ग्रुप उघडा आणि थोडं मागे जा. शेवटच्या ठरावाखाली तुमचाही अंगठा आहे. तो ठराव कशाचा होता, तेवढं न वाचता सांगा बघू.