किंमत मागसून

आमच्या साकीनाक्याच्या ऑफिसात पेडणेकरांना कोणी वय विचारलं, तर ते सांगत, "चल आहे, स्थिर नाही." विचारणाऱ्याला वाटे, म्हातारा चल म्हणून हाकलतोय. बीजगणितात बदलत्या राशीला चल म्हणतात, हे मराठी शाळेत शिकलेल्यांनाच कळायचं, आणि तसे ऑफिसात आम्ही दोघंच उरलो होतो.

त्यांचं कामही अक्षरांचंच. स्प्रिंगा डिझाइन करणारे इंजिनिअर पानभर सूत्र पाठवायचे, त्यात नुसती अक्षरं. पेडणेकर ते कॉम्प्युटरवर सोडवून आटोपशीर करायचे आणि मग त्याचा असा कोड लिहायचे, की आकडे टाकले की उत्तर बाहेर. आकडे मात्र अगदी शेवटी. कोणी आधी टाकायला गेलं की त्यांची मालवणी जागी व्हायची. "किंमत मागसून रे." मागसून म्हणजे नंतर. भाजीवाल्याकडेही तेच. आधी पिशवी भरायची, मग भाव विचारायचा आणि अर्धी भाजी परत ठेवायची. त्या भाजीवाल्याच्या शिव्या मी ऐकल्या आहेत.

आमचा मॅनेजर निशांत. हा हुशार म्हणून ओळखला जाई, मुख्यतः स्वतःच्याच तोंडून. एकदा त्याने घाईघाईत तारेची जाडी दोन मिलिमीटर म्हणून सूत्रात सगळीकडे दोन टाकला आणि कोड करून पाठवून दिला. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाने जाडी बदलली. आता सूत्राचे स्वतःचे दोन कुठले आणि तारेचे कुठले, कोणाला ओळखता येईना. "शोध आता दोनातला दोन," पेडणेकर म्हणाले आणि डबा उघडून बसले. निशांतने ते हसण्यावारी नेलं, पण विसरला नाही. अशी माणसं बाकी काही नाही तरी अपमान व्यवस्थित सेव्ह करून ठेवतात.

संधी त्याला मिळाली. पेडणेकरांची बायको, सुनंदावहिनी, पार्ल्याच्या एका हॉस्पिटलात दाखल झाल्या. आजार बरा होणारा नव्हता. पेडणेकरांनी सुट्टीचा मेल टाकला आणि 'किती दिवस' यापुढे लिहिलं, क्ष. निशांतने तो मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले. मग त्याने कळवलं, शुक्रवारपर्यंत आकडा द्या, नाहीतर तुमची जागा धरून ठेवता येणार नाही. आकडा आणायला पाठवलं मला. माणुसकी म्हणून, असं म्हणाला.

हॉस्पिटलच्या जिन्यावर मी पेडणेकरांना चिडूनच म्हटलं, डॉक्टरांना विचारा, एक आकडा सांगून टाका, नोकरी तरी वाचेल. हा हट्ट सूत्रांपुरता ठेवा.

ते भिंतीला टेकले. "आकडा आहे रे माझ्याकडे. पहिल्याच दिवशी विचारला."

मी वर वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"ऑफिसात सांगितला, तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी तिला फोन करून रडेल. तिला मे महिन्यात गावी जायचंय, आंबे उतरवायला. रोज बेत करते. तिच्यापुरता क्षच राहू दे."

शुक्रवार गेला आणि पेडणेकरांची नोकरी गेली. त्यांच्या जागी माणूस आला नाही, सूत्रांचा आपोआप कोड करून देणारं सॉफ्टवेअर आलं. त्याला बायको नसते. निशांतने त्या आनंदात केक कापला. मी केक खाल्ला नाही, एवढाच माझा पराक्रम.

रविवारी हॉस्पिटलात गेलो, तेव्हा वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या आणि पेडणेकर मोसंबी सोलत होते. नोकरी गेल्याचं त्यांनी सांगितलेलं नाही, हे मला वहिनींच्या पहिल्याच प्रश्नावरून कळलं.

"काय हो भावजी, ऑफिसाने ह्यांना सुट्टी दिली तरी किती दिवसांची? मला काही धड सांगत नाहीत."

पेडणेकरांचे हात थांबले.

"क्ष दिवसांची, वहिनी," मी म्हणालो.

वहिनी हसल्या, पार खोकला येईपर्यंत. "तुमकाय ह्यांची लागण झाली वाटता."

पेडणेकरांनी मान वर न करता एक फोड वहिनींच्या हातावर ठेवली आणि एक माझ्या.