आरामासाठी ओढाताण

अंग सैल सोडण्यात आपला हात धरणारा यवतमाळ जिल्ह्यात कोणी नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि सतरंजीवर आडवा झालो. सांगितलं ते मंदारला, म्हणजे माझ्या बायकोच्या, रजनीच्या धाकट्या भावाला. पुण्यात थाई मसाज शिकून तो राळेगावला आमच्याकडे आला होता. मी तिथल्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारा. दिवसभर वाकून शेतकऱ्यांच्या बैलबंड्यांतला कापूस तपासायचा, बोंडाचा धागा ओढून बघायचा. पाठीचं पार लाकूड झालं होतं.

त्या साली कापसाचे भाव पडलेले. व्यापारी फिरकेनात, त्यामुळे सगळा माल आमच्या दारात आणि बंड्यांची रांग गावाबाहेर. त्यात गोदाम भरलं म्हणून केंद्रप्रमुख वामनरावांनी खरेदी थांबवलेली. लोक थंडीत बंडीखाली झोपत होते आणि वजनाचा काटा कधी सुरू होणार ते मला विचारत होते. मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का!

मंदारने समजावलं की यात तेल नाही, कपडे काढायचे नाहीत. हातपाय तोच वाकवणार, तोच ताणणार. मी फक्त पडून राहायचं. सुरुवात खरंच छान होती. त्याने तळव्यांनी पाय दाबले, गुडघा हळूहळू छातीशी आणला. मला डुलकी लागणार, तेवढ्यात त्याने मला पालथं केलं, माझ्या मांड्यांवर गुडघे टेकले, मागून दोन्ही मनगटं धरली आणि माझी छाती जमिनीवरून वर उचलली.

"भाऊजी, श्वास सोडा."

मी सोडला. त्याबरोबर गळ्यातून जो आवाज निघाला, तो चरकात सापडलेल्या उसालाच शोभला असता.

नेमके तेव्हा दारात उकंडा आणि देवीलाल उभे. दोघंही रांगेतले, काट्याचं विचारायला आलेले. उकंडा सगळ्यांत तापलेला. ग्रेडरला धरून बदडलं पाहिजे, असं तो सकाळीच रांगेसमोर बोलला होता. आता दुसराच कोणी ते काम करताना दिसल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

"सोड त्याले. मारून टाकतं का मानसाले?"

त्याने मंदारला कमरेला धरून मागे खेचलं. गिऱ्हाइकाचे हात एकदम सोडायचे नाहीत, असं मंदारला शिकवलेलं. त्याने सोडले नाहीत. माझ्या पाठीत कट्कन आवाज झाला.

रजनी धावत आली, तिने सगळं सांगितलं. उकंडाने शांतपणे ऐकून घेतलं.

"आमी बंडीखाली आखडून राह्यलो, साहेब," एवढंच तो म्हणाला.

मला तर सरळही होता येत नव्हतं. त्या दोघांनीच मला उचलून देवीलालच्या बंडीत कापसावर निजवलं आणि डॉक्टरकडे निघाले. वाट केंद्रावरूनच. ग्रेडर बंडीत आडवा आणि मागून उकंडा चालतोय, हे रांगेने पाहिलं. सकाळचं बोलणं सगळ्यांना आठवत होतंच. आम्ही फाटकाशी पोचायच्या आधी, उकंडाने ग्रेडरची पाठ मोडली, ही बातमी वामनरावांपर्यंत पोचली. त्यांनी यवतमाळच्या वरिष्ठांना फोन केला. तिकडून हुकूम आला, रांग आणखी भडकायच्या आत काटा ताबडतोब सुरू करा, माल उघड्यावर रचा. गावातले फौजदारही आले.

फौजदारांनी उकंडाचा दंड धरला. आपलं कोण ऐकणार, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी कापसावरूनच ओरडून सांगितलं की याने नाही केलं.

"मग कोणी?"

"मेव्हण्याने."

"घरगुती भांडण?"

"नाही. आरामासाठी."

फौजदारांना नीट ऐकू आलं नाही. मला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी रांग हसत सुटली. त्या महिन्यात ती माणसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिली. उकंडाचा दंड सुटला.

काट्याचा हुकूम मागे घ्यायला सांगायची हिंमत वामनरावांना झाली नाही, आणि दुसरा ग्रेडर नव्हता. डॉक्टरांनाच तिथे बोलावलं. त्यांची सुई घेऊन मी पडल्या पडल्या ग्रेड देत राहिलो. लोक मूठमूठ कापूस माझ्या छातीवर आणून ठेवत. ऊन उतरताना उकंडाची पाळी आली. कापूस पांढराशुभ्र, धागा लांब, पण रांगेतल्या रात्रींच्या दवाने आतून ओलसर झालेला. मी दुसरा ग्रेड दिला, म्हणजे भाव कमी.

उकंडाने मुठीतल्या कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या भाऊले अजून थोडं ओढू द्याले पायजे होतं," तो म्हणाला.