काढलेल्या गाडीच्या मागची गाडी

अंबादासची यादी आणि तरन्नुमची यादी टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्यावर बिराजदार साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. दोन्ही याद्यांत ट्रॅक्टरचे बावन्न नंबर होते आणि बावन्नच्या बावन्न जुळत होते. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात एरवी भिंतीवरची दोन घड्याळंही जुळत नाहीत. साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला.

यादी होती गाडीतळावरच्या रांगेत तपासून ठेवलेल्या गाड्यांची. उसाच्या गाड्या गेटमधून येतात, रांगेला लागतात आणि नंबराप्रमाणे पुढं जाऊन गव्हाणीत रिकाम्या होतात. गव्हाणीतून ऊस मिलमध्ये जातो. ज्या गाडीत पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, फार, तिला रांगेतून बाहेर काढायचं, पाचट झाडायला लावायचं आणि मग पुन्हा शेपटीला उभं करायचं. हे काम अंबादास बावीस हंगाम हातात काठी घेऊन, रांगेच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत चालत करत आला होता. आपल्या नजरेतून आजवर एक गाडी सुटली नाही, हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

तरन्नुम धाराशिवची. कॉम्प्युटरची डिग्री घेऊन तीन महिन्यांच्या बोलीवर कारखान्यात लागलेली. गेटवरचा कारकून आत येणाऱ्या गाडीचा नंबर मोबाईलवर टाकायचा, पाचट दिसलं तर लाल खूण करायचा, आणि तरन्नुमचा प्रोग्राम यादीवरून फिरून लाल खुणेच्या गाड्या काढायचा. चार दिवस ती उन्हात अंबादासच्या मागं मागं हिंडली होती. तो जसा चालतो, तसाच तिनं प्रोग्राम लिहिला होता. आज पाच वाजता संचालक मंडळासमोर त्याची परीक्षा होती. जमलं तर कायमची ऑर्डर, नाही तर कॉम्प्युटर पावत्या छापायला आणि तरन्नुम घरी.

"बघा साहेब," अंबादास बशीत चहा ओतत म्हणाला, "एवढं मशीन आनलं आन शेवटी माज्याच बरोबरीला आलं."

"तुमच्या बरोबरीला आलं म्हणजे पास झालं की, काका," तरन्नुम म्हणाली.

अकरा वाजता भोंगा वाजला आणि मिल थांबली. सत्तावीस नंबरची ट्रॉली गव्हाणीत रिकामी झाली होती. तिच्यात पाचट इतकं की ऊस शोधून काढावा लागत होता. गव्हाण गळ्यापर्यंत तुंबली आणि चाळीस मिनिटं सगळा कारखाना हात बांधून उभा राहिला.

"ही गाडी सुटली कशी?" बिराजदार साहेबांनी दोघांनाही समोर उभं केलं.

"कॉम्प्युटरनं सोडली," अंबादास म्हणाला.

"काका, तुमच्या यादीतबी सत्तावीस नंबर आहे."

"तुज्या यादीत हाय म्हनून माज्या यादीत आला आसल."

"तुमची यादी माझ्या आधी अर्धा तास झाली होती."

अंबादास साहेबांकडं वळला. साहेब चिडले. "पाच वाजेपर्यंत काय ते शोधा," ते म्हणाले. "न्हाय तर मंडळासमोर मी कॉम्प्युटरची खोली बंद करतो आन अंबादास, तुम्हाला पोत्यांच्या गोदामात बसवतो."

तरन्नुमनं यादी उघडली. सत्तावीस नंबरावर लाल खूण स्पष्ट होती, तरी गाडी यादीत राहिली होती. आणखीही तीन लाल गाड्या तशाच शाबूत होत्या. तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला, तर त्यातल्या तीन निघाल्या. पुन्हा चालवला, तर उरलेली एक निघाली. आणखी एकदा चालवला, तेव्हा काहीच निघालं नाही.

"म्हणजे हा चौथ्यांदा खरं बोलतो?" साहेबांनी विचारलं. तरन्नुमला रडू येत होतं, पण साहेबांसमोर रडायची तिची तयारी नव्हती.

तिला वाटलं, आपण यादी तपासतो तेव्हाच गेटवरून नव्या गाड्या येऊन यादी वाढते, त्यानं हिशेब चुकत असेल. तिनं दहा मिनिटं गेट बंद ठेवायला सांगितलं. कारखान्यात दहा मिनिटांचा अर्थ अर्धा तास असतो. ट्रॅक्टरांची रांग ढोकीच्या रस्त्यावर गेली, तिच्यामागं तुळजापूरची एसटी अडकली, आणि एसटीतले प्रवासी खाली उतरून ऊस खात बसले. कंडक्टर ऑफिसात येऊन साहेबांना चार गोष्टी ऐकवून गेला. एवढं करून प्रोग्राम जुन्या यादीवर चालवला, तर त्यानं तंतोतंत सकाळच्याच गाड्या सोडल्या. दोष गेटचा नव्हता.

तीन वाजता अंबादास दुपारच्या फेरीला निघाला. या वेळी बिराजदार साहेब स्वतः त्याच्यासोबत होते, त्यामुळं त्याची मान नेहमीपेक्षा ताठ होती. तरन्नुम वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघत होती. अंबादासनं नवव्या गाडीवर काठी आपटली. ती गाडी बाहेर निघाली. मागची दहावी पुढं सरकून नवव्या जागेवर आली, तिच्यामागची अकरावी दहाव्या जागेवर. अंबादास शेपटीकडं एक जागा पुढं गेला आणि अकरावी तपासायला लागला.

दहाव्या गाडीचा ड्रायव्हर मडगार्डवर बसून निवांत तंबाखू मळत होता. अंबादास जवळ आला तेव्हा त्यानं मान वर केली नाही, आणि गेला तेव्हाही नाही.

तरन्नुम दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावली.

"काका, थांबा. एक जागा मागं या."

"मागं कशाला? ती झाली की."

"ती झालेली न्हाय. ती तुमच्या पाठीमागनं सरकली. गाडी काढली की रांग तुमच्याकडं येती. तुम्ही पुढं जायचंच नसतं."

अंबादासनं वळून दहाव्या ट्रॉलीत काठी खुपसली. काठी निम्मी आत गेली तरी तिला ऊस लागला नाही.

"नाव काय तुझं?" साहेबांनी विचारलं.

"महांतप्पा. उमरग्याकडचा." ड्रायव्हर खाली उतरला. "नऊ हंगाम झाले साहेब. कुनी इचारलंच न्हाय."

"काय विचारायचं?"

"म्या गेटभायेर थांबतो. चांगली घाण गाडी आली की तिच्या मागं लागतो. ती भायेर निघती, म्या सरकतो, काका पुढं जात्यात. दुसऱ्या कुनाला सांगितलं न्हाय. घाण गाड्या तरी किती असत्यात, सगळ्यांना कशा पुरायच्या?"

अंबादास ट्रॉलीच्या चाकाला टेकला. "बावीस हंगाम," तो एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा बघून तरन्नुमला वाईट वाटलं.

"काका, माझ्या प्रोग्रामनंबी तेच केलं. चार दिवस तुमच्या मागं हिंडून लिहिलाय. तुम्ही चुकला म्हणून तर चूक डोळ्यानं दिसली. कॉम्प्युटरात मला ती महिनाभर सापडली नसती."

पावणेचारला ती खुर्चीवर बसली. गाडी काढली की तिथंच थांबायचं आणि त्याच जागेवर नवी कोण आली ते बघायचं. गाडी ठेवली, तरच पाऊल पुढं. शेपूट कुठं आहे ते आधी मोजून ठेवायचं नाही, दर पावलाला नव्यानं बघायचं, कारण गेटवरून गाड्या येतच राहणार. आणि मधल्या मधे गाडी काढायचा अधिकार एकट्या रांगेवरून फिरणाऱ्याला, दुसऱ्या कुणी यादीतून गाडी काढायची नाही. इतकं सगळं सात ओळींत बसलं. खाली गाडीतळावर अंबादास बिनगाडीचा उभा राहून 'काढली की थांबायचं' याचा सराव करत होता.

पाचला संचालक मंडळ आलं. गेट उघडं होतं, गाड्या येत होत्या, यादी वाढत होती. तरन्नुमनं बटण दाबलं. एका फेरीत अकरा गाड्या निघाल्या. दुसऱ्यांदा चालवलं, तर एकही नाही. तेवढ्यात अंबादास फेरी संपवून, घामाघूम होऊन आला. त्यानंही अकराच काढल्या होत्या, आणि नंबर तेच होते.

बिराजदार साहेब टाळी वाजवणार, तेवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला. "सकाळीबी दोघांचं जुळलंच होतं म्हणं. मग आता बरोबर हाय हे कशावरनं?"

साहेबांनी टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले. तरन्नुम म्हणाली, "साहेब, महांतप्पाला बोलवा."

महांतप्पा दारात चपला काढून आत आला.

"मामा, खरं सांगायचं," ती म्हणाली. "एकदा रांग बघून या. आता कुठं उभं राहिलं की सुटता येतं, ते आम्हाला दाखवा."

महांतप्पा खाली गेला. सगळं मंडळ खिडकीशी जमलं. तो रांगेच्या डोक्यापासून निघाला, दोन गाड्यांमधलं अंतर बघत, मधेच थांबत, बोटं मोजत. अंबादासनं एक गाडी काढून दाखवली आणि तिथंच पाय रोवून उभा राहिला. महांतप्पानं त्याच्या पायांकडं बराच वेळ बघितलं. शेपटीपर्यंत जाऊन तो परत फिरला आणि वर ऑफिसात आला.

"जागा ऱ्हायली न्हाय, बाई," तो म्हणाला.

अध्यक्षांनी ऑर्डरवर सही केली. तरन्नुमनं ती दोनदा वाचली आणि मग अंबादासला वाचायला दिली. महांतप्पा चपला घालून गाडीतळावर गेला, ट्रॉलीवर चढला, आणि नऊ हंगामांत पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं पाचट काढायला बसला.