घोटा धरू का?

अंबादास सरांना घाटकोपरच्या शाळेत कायम व्हायचे होते. मुलींचे कबड्डी संघ घडवण्यात उमेदीची वर्षे खर्ची पडल्यावर त्यांना कळवण्यात आले की खेळ येणे आणि खेळ शिकवण्यास पात्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सोमवारपर्यंत मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आणा, नाहीतर निरोप घ्या.

प्रात्यक्षिक परीक्षा मुलुंडच्या एका सभागृहात होती. नीतिमत्तेच्या परीक्षक चेतना मॅडम यांनी स्पर्श या विषयावर प्रबंध लिहिला होता. मैदानाशी मात्र त्यांनी कटाक्षाने अंतर राखले होते. कौशल्याचे परीक्षक धोंडूकाका, गळ्यात शिट्टी अडकवलेले जुने मालवणी पंच. दोघांकडेही उत्तीर्ण होणे सक्तीचे.

"खेळाडूला स्पर्श करण्याआधी तिची तोंडी, स्पष्ट आणि त्या क्षणीची संमती घ्यायची," मॅडमनी बजावले. नियम योग्यच होता. काही प्रशिक्षकांनी तो स्वतःच्या हातांनी कमावला होता. फक्त तो लिहिणाऱ्या विद्वानांपैकी कोणीही कबड्डी पाहिलेली नव्हती.

सरांची जुनी खेळाडू प्रियंका, आता कॉलेजात गेलेली, चढाईला आली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

सर वाकले. "प्रियंका, घोटा धरू का?"

प्रियंकाने दम न सोडता मान डोलावली.

"मान चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तोंडी!"

"अहो, धरा ना सर!"

शिट्टी कर्कश वाजली. "दम तुटलो! बाद!"

"काका, मॅडमच बोलल्या ना, तोंडी सांग म्हणून!"

"चढाईक कोण इला गो? मॅडम की तू?"

दुसऱ्या चढाईत प्रियंका शहाणी झाली. सर विनवत राहिले, ती दम घोकत राहिली, सरांच्या खांद्यावर टपली मारून ऐटीत परत गेली. मॅडमनी नीतिमत्तेला पैकीच्या पैकी गुण दिले, काकांनी कौशल्याला भोपळा.

"मी आधीच परवानगी देऊन टाकते ना," प्रियंका म्हणाली. "दिवसभराची."

"संमती कधीही मागे घेता आली पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

"घेईन की. 'नको' म्हणेन."

"मगे परत बाद," काकांनी खुलासा केला.

सर पुढे सरसावले. "मॅडम, मीच चढाई करतो. मग तर झालं?" ते दम घालत प्रियंकासमोर गेले, हात उगारला, आणि नीतीने त्यांना गाठले. "हात लावू का?"

"दम तुटलो!" काका आता आनंदाने शिट्टी वाजवत होते. "अंबादास, मेल्या, विचारतंस कित्याक? लग्नाक इलंस काय?"

"वाट लागली सर," प्रियंका कुजबुजली.

मॅडमचे डोळे मात्र पाणावले होते. इतका निर्मळ प्रशिक्षक त्यांनी पाहिला नव्हता. "असा माणूस व्यवस्थेबाहेर जाता कामा नये," त्या म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर 'करिअरमार्ग' नावाचा तक्ता झळकवला, आणि संपूर्ण क्रीडाविश्वाचा आढावा घेऊन सरांची नियुक्ती अशा खेळात केली जिथे माणसाला माणसाचा हात लागत नाही.

"पण मला बुद्धिबळ येत नाही, मॅडम."

"येण्याची अट कुठेच नाही."

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकून बुद्धिबळाच्या प्रमाणपत्रावर सही ठोकली.

सोमवारी मुख्याध्यापिका क्षमाबाईंनी प्रमाणपत्र उजेडात धरले. "शिक्का आहे ना? मग झालं. अभिनंदन, सर. तुम्ही कायम."

संध्याकाळी कबड्डीच्या रिकाम्या मैदानावर पट मांडून सर बसले. मदतीला प्रियंका आली होती. मोबाइलवर खेळून तिला हा खेळ चांगला ठाऊक होता. सरांनी घोडा उचलला, न्याहाळला आणि ते तो परत त्याच घरात ठेवू लागले.

"आता तोच खेळायला लागणार, सर," प्रियंका म्हणाली. "इथे नियम आहे. एकदा हात लावला ना, की सुटका नाही."

सर घोडा तसाच हवेत धरून बसले.

"अगं," ते कासावीस होऊन म्हणाले, "पण मी त्याला विचारलं कुठे होतं?"