विमानाचे चरण मिटले त्याची हकिकत

श्रीवायुपुत्र समर्थ असे. वाऱ्यावर ज्याची सत्ता त्यास आधी नमस्कार, मग वाचणारांस. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासी जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहू नये ऐशी आज्ञा आहे, आणि ती मजला सोयीची आहे.

त्या राज्यी रंगराव सरकार गादीवर होते. शेजारचे राजे हत्ती पाळीत, कोणी कुस्त्या भरवीत, परंतु सरकारांस विमानाचा नाद लागला. विमान म्हणजे आत बसून जावयाचे नव्हे. दोन हात लांब, हलक्या लाकडाचे, आणि सरकारांनी भुईवर बसून हाती बिनतारी डबा धरावा, त्याच्या कांड्या हलवाव्या आणि विमानाने वर आज्ञा पाळावी. प्रजा इतकी आज्ञा पाळीत नसे, म्हणून सरकारांचा जीव त्याजवर फार. आणि या विमानाची करामत ऐशी की उडाल्यावर डब्याची कळ दाबताच त्याचे दोन्ही पाय चाकांसकट मागे वळून पोटात जात, कोंबडी निजताना घेते तैसे. मग पंखांस मढवावयास रेशीम पाहिजे जाहले. बाजारचे रेशीम मनास येईना, आणि कोणा शहाण्याच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्याच बुद्धीने सरकारांनी राणी मंजुळाबाईसाहेबांचा लग्नातला शालू मागितला. बाईसाहेब म्हणाल्या, "न्यावा. मात्र जरीचा पदर टाकून द्यायचा नाही, तोही विमानाला लागलेला मला दिसला पाहिजे. आणि शालू मातीत पडला, तर सरकारांनी त्याच माळावर तंबू ठोकावा, महालात येऊ नये." सरकारांनी रणांगणी कधी भय जाणिले नव्हते, कारण रणांगणी ते गेलेच नव्हते; परंतु हे भय त्यांनी बरोबर जाणिले. पदर लुगड्याचे शेवटी असतो, सबब तो विमानाचेही शेवटी लाविला, आणि जरीच्या भाराने शेपूट जड जाहले.

मग विसाजीपंत तोलदार यांस पाचारण जाहले. यांचे काम इतकेच की दोन्ही पंखांखाली एकेक बोट देऊन विमान उचलावे आणि ते नाकावर कलते की शेपटावर हे पाहावे. नाक जड असले तर विमान रडतखडत का होईना उडते; शेपूट जड असले तर एकदाच उडते. पंतांनी नाकात शिसे भरले, आणखी भरले, आणि आत तीळ ठेवावयास जागा उरली नाही तेव्हा तोल साधला. परंतु हा तोल पाय खाली सोडून साधला होता, आणि पंतांस ठाऊक की पाय मागे वळून पोटात गेले की त्यांचा भार शेपटाकडे सरकणार. म्हणून त्यांनी हात जोडून अर्ज केला, "चरण मिटून एकवार तोलावे, ऐसे सेवकास वाटते." वाचणारांनी ध्यानी घ्यावे की ज्याच्या अंगी बाईसाहेबांचा शालू, त्यास एकेरी बोलणे गुन्हा, सबब विमानाच्या पायांसही दरबारात चरण म्हणत. तेव्हा बाबाजी चोपदार म्हणाला, "सरकारांम्होरं पाय दुमडून बसायचा मान त्यांच्या चुलत्यांचा, काकासाहेबांचा. ह्यो कुठला मानकरी?" सभा हसली, पंत स्वभावाचे भिडस्त, तेही हसले आणि गप्प राहिले. भीड भिकेची बहीण, ऐसे वडील म्हणत आले ते उगाच नव्हे.

मग पंचमीचे मुहूर्ती स्वारी माळावर आली. माळावर कुसळे फार, म्हणून सरकार खुर्चीवर मांडी घालून बसले आणि मांडीवर डबा घेतला, आणि बाईसाहेब मेण्याचा पडदा सारून पाहू लागल्या. विमान धावले आणि उठले, आणि शालू उन्हात ऐसा झळकला की बाईसाहेबांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि माझाही ऊर भरून आला, खोटे कशास लिहावे. मग सरकारांनी कळ दाबली. पाय पोटात गेले, शेपूट बसले, नाक आभाळाकडे गेले, आणि विमान भांग प्यालेल्या वऱ्हाड्यासारखे डोलू लागले. सरकारांनी कांड्या इकडे लोटल्या, तिकडे लोटल्या, काही लागू पडेना. पंत धावत आले आणि ओरडले, "सरकार, चरण खाली सोडावेत." आता सरकारांपुढे चरण म्हटले की ते सरकारांचेच, हा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. सरकारांनी वर पाहत पाहतच मांडी मोडिली आणि उजवा चरण खाली सोडिला. विमान एका पंखावर कलले. पंत म्हणाले, "दोन्ही, सरकार, दोन्ही." सरकारांनी डावाही सोडिला, तो नेमका कुसळांत गेला, आणि विमान मेण्याच्या रोखाने घसरू लागले. "चरण, सरकार, चरण खाली." तेव्हा सरकार दातओठ खाऊन बोलिले, "दोन्ही खालीच आहेत, पंत. आता काय पुरून घेऊ?" मग पंतांच्या तोंडून जन्मात न निघालेले बोल निघाले. म्हणाले, "तुमचे नव्हेत. त्याचे. त्याचे पाय सोडा."

सरकारांस 'तुमचे' म्हटलेले ऐकून बाबाजीच्या हातची काठी गळाली. परंतु सरकारांनी कळ दाबली, पाय बाहेर आले, भार पुढे आला, नाक वाकले, आणि विमान शहाण्यासारखे सरळ होऊन मेण्यावरून वीतभर उंचीने गेले आणि माळावर सुखरूप उतरले. शालूस ओरखडा नाही. मग सरकारांनी पंतांस जवळ बोलाविले आणि सर्वांस वाटले, आता गेले पंत. सरकार म्हणाले, "आधी का नाही सांगितलेत?" पंत म्हणाले, "सांगितले होते. शब्द आदराचा पडला." सरकारांनी पायातले कुसळ काढिले, आणि मग आज्ञा जाहली की येथून पुढे तोलाचे बोलणे सरळ बोलावे, आडून बोलेल त्यास दंड. "आता सरळ सांगा, काय करावे?" पंत म्हणाले, "नाकात शिशास जागा नाही. पाय मिटून उडवायचे तर बाईसाहेबांचा पदर शेपटावरून काढून पुढे घ्यावा लागेल." सरकार म्हणाले, "मग जा, सांगा बाईसाहेबांस." पंत म्हणाले, "दंड भरतो, सरकार."

मग सरकार स्वतः मेण्यापाशी गेले, आणि एकवार खाकरले, पुन्हा खाकरले, आणि हलकेच बोलिले, "पदर जरा पुढे घ्यावा." बाईसाहेबांनी डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढिला आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी लक्ष गेलं म्हणायचं." आणि ऐशा हसल्या की सरकारांस पुढला शब्द बोलवेना.

सारांश, त्या राज्यी पाय पोटात घेणारे विमान आहे, पाय मिटण्याची कळ नवीकोरी आहे, आणि विमान पाय खाली सोडूनच उडते. घडले तैसे लिहिले, येथे बोरू ठेविला.