अख्खा पार्ट काढावा लागेल

"नुसते खडे काढून भागणार नाही. पित्ताशयाची अख्खी पिशवीच काढावी लागेल," आपल्या पाच मजली हॉस्पिटलात बसलेल्या सर्जनबाई म्हणाल्या.

मिस्त्रींचा हात आपोआप पाकिटावर गेला. स्कूटर दुरुस्तीच्या गॅरेजात हे वाक्य त्यांनी स्वतः आयुष्यभर वापरलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"साफ करून द्या की, मॅडम."

"पुन्हा खडे होतील. दोष पिशवीतच आहे."

"हेच! अगदी हेच!" मिस्त्री बायकोच्या कानात पुटपुटले. "आता म्हणतील, आज काढला नाही तर बाकीचं मशीनही बसेल."

"एखादा खडा नळीत अडकला," सर्जनबाई पुढे म्हणाल्या, "तर कावीळ होईल, स्वादुपिंडाला सूज येईल."

मिस्त्रींनी 'बघ' अशा नजरेनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पाहिलं नाही. हल्ली तळलेलं खाल्लं की नवरा उजव्या बरगडीखाली हात दाबून फरशीवर लोळायचा आणि आईच्या नावानं टाहो फोडायचा. सासूबाई दोनदा गावाहून धावत आल्या होत्या. तिसऱ्यांदा त्या येऊ नयेत, एवढीच तिची इच्छा होती.

"बरं, काढल्यावर नवीन कुठली बसवता?"

"नवीन काही नाही. यकृत पित्त थेट आतड्यात सोडतं. माणूस मजेत जगतो."

"म्हणजे जुना पार्ट काढायचा, नवीन द्यायचा नाही, आणि वर बिल लावायचं?" मिस्त्रींच्या आवाजात आदर होता. हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"अहो, गप्प बसा!" बायकोनं दटावलं.

"का बसू? 'अख्खा काढावा लागेल' हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगतो, माहितेय? जेव्हा..."

मिस्त्रींचा आवाज मुळातच चालू इंजिनाच्या वरचा. त्यात दार अर्धवट उघडं. बाहेर बाकावर गणिताचे मास्तर पोट धरून बसले होते. त्यांच्या स्कूटरचा अख्खा कार्बोरेटर मिस्त्रींनी परवाच बदलला होता. मास्तरांनी दारातून मान आत घातली.

"जेव्हा काय, मिस्त्री?"

खरं बोलावं तर संध्याकाळपर्यंत गॅरेजला कुलूप. मिस्त्री ताडकन उठले.

"जेव्हा दुसरा इलाजच नसतो, मास्तर! साफसफाई म्हणजे शुद्ध फसवणूक! मॅडम, काढून टाका. सही कुठे करू?"

"आधी रक्त तपासू, मग..."

"तपासा! मास्तर, बघताय ना?"

मास्तर बघत होते, पण पटल्यासारखे दिसेनात. म्हणून मिस्त्री भरती झाले. ऑपरेशनला नेताना तपासणीला आलेले मास्तर पुन्हा आडवे आले, तेव्हा ट्रॉलीवर उताणे पडून मिस्त्रींनी त्यांना दोन्ही हातांनी खूण केली, "अख्खा! अख्खा!" भूल चढेपर्यंत ते तेच म्हणत होते.

मिस्त्री शुद्धीवर आल्यावर सर्जनबाईंनी त्यांना बरणी दाखवली. सुजून जाड झालेली पिशवी, खड्यांनी गच्च भरलेली. एक खडा बरोब्बर तोंडाशी अडकलेला.

"वेळेवर तयार झालात. अजून थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं."

मिस्त्री बरणीकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले. बायकोनं हळूच त्यांचा हात हातात घेतला.

"त्या खरं सांगत होत्या हो."

"तोच विचार करतोय," मिस्त्री खोल आवाजात म्हणाले. "खरं सांगूनही एवढी मोठी इमारत बांधता येते?"