साहेबांचं उरलेलं डोकं

साहेबांची डावी बाजू तासून झाली, मशीन उजव्या कानापाशी पोचलं आणि लाइट गेली.

बघूदादाच्या हातातलं मशीन एकदा घुरघुरलं आणि गप्प झालं. पंखाही थांबला. आरशात साहेब दिसत होते: एका बाजूने नुकतेच नोकरीला लागलेले, दुसऱ्या बाजूने रिटायर व्हायला आलेले.

आता हे साहेब म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत, वीज कंपनीचे साहेब! वादळानंतर विक्रमी वेळात वीज सुरू केली म्हणून त्याच दुपारी त्यांचा सत्कार होता. सलून मुख्य रस्त्यावर, तिथली लाइट खरोखरच लगेच आली होती. पण मागच्या गल्लीत, जिथे बघूदादा राहायचा, वादळानंतरचा दुसरा आठवडा सरत आला तरी ठार अंधार. पंप बंद, टाकी कोरडी. दादाची बायको, म्हणजे सगळ्या गल्लीची वहिनी, खालून बादल्या भरभरून तिसऱ्या मजल्यावर चढवत होती आणि वर सासूबाई गुडघे धरून बसल्या होत्या. गल्लीतली माणसं साहेबांच्या ऑफिसात जाब विचारायला गेली, तेव्हा हा पठ्ठ्या सगळ्यांच्या मागे, कपाटाआड उभा. साहेब पडले जुनं गिऱ्हाईक, त्यांना कसं बोलायचं? त्या दिवसापासून वहिनीने नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. ताट समोर आदळायची, तेवढाच संवाद. बिचाऱ्याला घास गोड लागत नव्हता. बघूदादा हे नावही तिनेच पाडलेलं, कारण काहीही विचारा, तो म्हणायचा, "बघू."

"येईल दोन मिनिटांत," साहेब आरामात म्हणाले.

"हो ना," बाकावर नंबर लावून बसलेला मागच्या गल्लीतला बेकरीवाला म्हणाला. "आम्हालाही तुम्ही असंच सांगितलं होतं. माझी बेकरी त्या दोन मिनिटांपासून बंद आहे."

साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण पंधरा मिनिटं गेली आणि त्यांची चुळबूळ सुरू झाली. "अरे, कात्रीने उरक की! तुझा बाप अख्खं गाव कात्रीने उरकायचा."

दादाचा हात कात्रीकडे गेलाही. बापाने लहानपणापासून हातात कात्रीच दिली होती. डोळे मिटून कापले असते त्याने. तेवढ्यात वहिनी चहाची किटली घेऊन आत आली. किटली धरलेल्या तिच्या तळहातावर बादलीच्या कडीचे लालभडक वळ होते. दादाला एकदम भरून आलं. आपण काय लायकीचे नवरे आहोत, असं त्याला वाटलं. त्याने कात्री खाली ठेवली.

"नाही जमायचं साहेब," तो म्हणाला. "मशीनचा कट वेगळा, कात्रीचा वेगळा. एका डोक्याची दोन माणसं दिसतील."

"आत्ताच दिसतायत," बेकरीवाला म्हणाला.

साहेब तणतणत उठले. "मी दुसरीकडे जातो!" दार उघडलं, तर बाहेर गल्ली लोटलेली. बेकरीवाल्याने केव्हाच फोनवरून बातमी पेरली होती. पुढच्या रांगेत बायका रिकाम्या बादल्या घेऊन, मागच्या रांगेत पोरंटोरं मोबाइल वर करून. साहेबांनी झटकन दार लावलं आणि गुमान खुर्चीत येऊन बसले.

मग त्यांनी स्वतःच्याच कंपनीला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एका बाईने गोड आवाजात सांगितलं. मग बासरी वाजली. बरीच वाजली. शेवटी एक माणूस आला.

"त्या भागात लाइट चालू दाखवतंय," तो म्हणाला.

"दाखवतंय काय? मी इथे अंधारात बसलोय!"

"मग तुमच्या घरातच फॉल्ट असणार. तुमचा वायरमन बोलवा."

"धादांत खोटं!" साहेब किंचाळले. "थापा मारता लोकांना? लाज नाही वाटत?"

बेकरीवाला उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. "वा साहेब! अगदी हेच, शब्दन् शब्द हेच आम्हाला म्हणायचं होतं!"

साहेबांनी फोन आपटला आणि लाइनमनलाच थेट जीप घेऊन बोलावलं. तो शिडीसकट आला, साहेबांचं डोकं बघून त्याने ओठ दाताखाली धरले आणि एकदम भिंतीकडे बघायला लागला.

"फॉल्ट मागच्या गल्लीत असणार," वहिनी शांतपणे म्हणाली. "खांबावरची केबल तुटून लोंबतेय. ती जोडल्याशिवाय इथली लाइट यायची नाही."

"पण सलूनची लाइन तर—" लाइनमनने तोंड उघडलं.

"आधी चहा घ्या भाऊ," वहिनीने त्याच्या हातात कप कोंबला. लाइनमनने तिच्याकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं आणि मुकाट्याने चहा प्यायला. सलूनची लाइन वेगळी आहे हे खरं तर साहेबांनाही माहीत असायला हवं होतं. पण त्यासाठी एखाद्या दिवशी ऑफिसातून उठून गल्लीत यावं लागतं.

"जोड मग ती केबल!" साहेब ओरडले.

"नवीन टाकावी लागेल साहेब. एकच बंडल शिल्लक आहे, ते तुमच्या सत्काराच्या हॉलवर लागलंय, रोषणाईला."

"काढून आण!"

"वरून ऑर्डर लागेल."

"अरे गाढवा, वरचा मीच आहे!"

हे वाक्य बाहेर गल्लीतही नीट ऐकू गेलं. इतके दिवस 'वरून काम अडलंय' एवढंच ऐकणाऱ्या लोकांना हा वरचा माणूस अखेर सापडला, आणि तोही अर्धा भादरलेला.

तासाभरात मागून एकच कल्ला उठला. पंप सुरू झाला. सासूबाई तिसऱ्या मजल्यावरून ओरडत होत्या, "आलं गं, आलं! नळाला पाणी आलं!" वहिनीचे डोळे भरले. तिने ते पदराने पुसले आणि "बाहेर बघून येते" म्हणत निघून गेली. आणि काय आश्चर्य, क्षणात सलूनचा पंखा फिरला, मशीन घुरघुरलं.

"बघितलंस?" साहेब छाती फुगवून म्हणाले. "एका फोनवर काम!"

दादाने दोन मिनिटांत उजवी बाजू उरकली. साहेब सत्काराला पळाले. तो हॉलच्या अंगणात उभ्याउभ्याच झाला म्हणे, कारण आत अंधार होता.

सलून रिकामं झाल्यावर दादा घसा खाकरून बायकोला म्हणाला, "एक सांगू? कात्रीने जमलं असतं मला."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. किती दिवसांनी बोलली! "आपल्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाचे केस तुम्ही कात्रीनेच कापले होते. म्हणून तर जीव मुठीत धरून बघत होते, की हा माणूस आता काय बोलतो."

"पण लाइट नेमकी तेव्हाच गेली, हे नशीबच."

"नशीब कसलं डोंबलाचं!" वहिनी म्हणाली. "सलूनचा जिन्याखालचा मेन स्विच मी पाडला होता."

दोघंही पोट धरून हसत सुटली. हसता हसता वहिनी एकदम थांबली. दारासमोरच्या रस्त्यातल्या गुडघाभर खड्ड्याकडे तिचं लक्ष गेलं होतं.

"अहो, ते रस्त्यांचे साहेब केस कुठे कापतात?"

दादाने मान हलवली. "त्यांना टक्कल आहे."

"तरीच!" वहिनी म्हणाली.